डांबर संपतं तिथून

“आधी खाली उतरा,” हे काकांचं पहिलं वाक्य. समोर अरब मालक असो की तेल कंपनीचा गोरा इंजिनियर, गाडी वाळूत रुतल्याचं गाऱ्हाणं घेऊन कोणी आलं की काका त्याला एसीतून बाहेर काढत, पुढच्या चाकाशी उकिडवं बसवत आणि चाकाच्या मधोमध असलेली गोल चकती दाखवत. जुन्या अमेरिकन फोर-व्हील पिकअपमध्ये नुसता आतला दांडा ओढून भागत नाही. उतरून दोन्ही बाजूंच्या चकत्या हाताने फिरवाव्या लागतात, तेव्हा कुठे पुढची चाकं ओढायला लागतात. निम्मी माणसं हे विसरत आणि मग गाडीच्या नावाने बोटं मोडत.

मीही विसरलो होतो. नव्वदच्या दशकात शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात मी काउंटरवर जॉब कार्ड लिहायचो आणि काका तिथले मुख्य मेकॅनिक. माझं लायसन्स नवं होतं. एकदा ट्रायलला काकांना शेजारी बसवून ग्राहकाची पिकअप ऐटीत वाळूत घातली आणि नंतर तासभर फावड्याने वाळू उपसत बसलो. काका कमरेवर हात ठेवून बघत होते. मदतीला आले ते शेवटच्या पाच मिनिटांत.

या गाड्यांचा इतिहास ते भावकीतली हकीकत सांगावी तसा सांगत. महायुद्धावरून परतलेल्या अमेरिकन शेतकऱ्याने फौजेत चारही चाकं ओढणारी गाडी पाहिली होती. त्याला शेतावर तशीच हवी झाली, चिखलातून गवत आणि वासरं आणायला. मग तिला क्रोम चढलं, रेडिओ आला, सुट्टीच्या दिवशी बायको पुढच्या सलग सीटवर शेजारी बसायला लागली. पुढे तेल शोधणाऱ्यांबरोबर ती इकडे आली आणि वासराच्या जागी उंट बसला. “शेतकऱ्याची गाडी आहे रे ही, म्हणून मला कळते,” काका म्हणायचे. कराडजवळ त्यांची स्वतःची दीड एकर होती. जपानी पिकअपचा विषय निघाला की म्हणत, “बिघडत नाही बिचारी. पण बोलतही नाही.”

काकांशी गाड्या बोलत, हे मी शपथेवर सांगतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ते दुखणं ओळखत. आता गंमत बघा. अशा माणसाकडे इथलं लायसन्स नव्हतं. टेस्टमध्ये सहा वेळा नापास. डोळे रस्त्यावर आणि कान बॉनेटमध्ये! एकदा तर इंजिन नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी ऑगस्टात एसी बंद करून काचा खाली केल्या होत्या. शेजारी बसून टेस्ट घेणाऱ्या पोलिसाचा युनिफॉर्म घामाने चिंब झाला.

तोवर काकांना नापास होण्याची फिकीर नव्हती. पण सोळा वर्षांत पहिल्यांदाच काकू महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर आल्या. “पत्रात माझी विचारपूस दोन ओळी आणि गाड्यांची दोन पानं,” असं मला हसत सांगायच्या. काकूंना शेजारी बसवून एकदा स्वतः पिकअप चालवायची, एवढंच काकांच्या मनात होतं. टेस्टची तारीख काकूंच्या तिसऱ्या आठवड्यात आली.

आदल्या दिवशी मी बजावलं, “काका, काहीही ऐकू आलं तरी उतरायचं नाही.”

“नाही उतरत बाबा. तोंडातून शब्दसुद्धा काढत नाही.”

अर्धा रस्ता त्यांनी झकास चालवली. मग ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या गाडीचं पुढचं डावं चाक गुरगुरायला लागलं. काकांनी गाडी कडेला घेतली, उतरले, चाकाला हात लावला. “सर, बेअरिंग खलास. पीछे तीन आदमी बैठा है.” मागे टेस्टसाठी नंबर लावून बसलेली तीन माणसं होती. पोलिसानेही हात लावला, चटका बसला तसा मागे घेतला, काकांचे मनापासून आभार मानले आणि टेस्टमध्ये न विचारता खाली उतरल्याबद्दल त्यांना नापास केलं. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची.

मी भयंकर चिडलो. “टेस्ट संपल्यावर सांगता आलं नसतं?”

“चाक निघालं असतं तर?” काका म्हणाले. मग हात पुसत हळूच म्हणाले, “पण तिला आता काय सांगू रे?” मला फार वाईट वाटलं.

आमचा एक म्हातारा अरब ग्राहक काउंटरशी चहा पीत हे ऐकत होता. धैद गावाच्या पुढे वाळूत त्याचा उंटांचा गोठा होता आणि त्याची जुनी अमेरिकन पिकअप काकांनीच वर्षानुवर्षं जगवली होती. मी हिंदीत सगळं सांगितलं तसा तो काकांना, आपल्या ‘सदीक’ला म्हणजे दोस्ताला, म्हणाला, “लायसन्स रोड को मंगता, सदीक. रेती तो अल्ला का है. जुम्मा को मदाम को लेके आव. यल्ला!”

काका पुढे लायसन्सशिवायच गावी परतले आणि आता तर ते नाहीतही. मला मात्र ते दिसतात ते त्या शुक्रवारचे.

म्हाताऱ्याची पिकअप डांबर संपेपर्यंत मी चालवली. तिथे काकांनी चकत्या फिरवल्या, वाळूसाठी टायरांतली हवा कमी केली आणि स्टिअरिंगवर बसले. मी म्हाताऱ्याजवळ खालीच थांबलो. काकूंनी पदर खोचून घेतला. गाडी पहिली टेकडी सरळ चढली, पलीकडे उतरली, आणि बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला, कुठेही न अडखळणारा. म्हातारा मान डोलावत होता.

अर्ध्या तासाने ती दोघं परत आली. “काय काकू, भीती वाटली?” मी विचारलं.

काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. “सोळा वर्षं पत्रं वाचत होते,” त्या काकांना म्हणाल्या. “माणूस आज बघितला.”

“हवा भरायला पाहिजे,” असं पुटपुटून काकांनी पायपंप घेतला आणि पलीकडच्या चाकाआड गेले. मी मदतीला निघालो तर काकूंनी हाताने थांबवलं.

“राहू दे. भरू दे त्यांना.”

पंप बऱ्याच वेळाने थांबला. तरी काका चाकाआडून उठले नव्हते.