आईच्या लोणच्याला आलेला फेस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात गोष्टी सांगणारा म्हणून माझं नाव आहे. लग्नकार्यात मुलं मलाच घेरून बसतात. पण ही गोष्ट जिभेवर आली, की मी दर वेळी भुताची सांगतो — भूत बरं पडतं, ते घरी येऊन जाब विचारत नाही.

आसेगावला होतो तेव्हाची, पन्नास सालानंतरची गोष्ट. नुकतंच लग्न झालेलं, नुकतीच मास्तरकी लागलेली. विज्ञान शिकवायचो — म्हणजे पुस्तकातली चित्रं दाखवायचो. आता मला सांगा, नवी बायको दाराआडून बघत असताना नुसत्या चित्रांवर भागतं का? भावाच्या दोन पोरांना मी जाहीर करून टाकलं, की न फुंकता फुगा फुगवून दाखवतो! फुगा मंगरूळपीरच्या उरुसातला होता. खाण्याचा सोडा फळीवर होता. लिंबू मात्र घरात नव्हतं.

लिंबाचं लोणचं होतं.

आईची ती बरणी म्हणजे — कसं सांगू? देवाला हात लावताना आई जेवढी जपत नसे, तेवढी बरणीला जपे. आंघोळ करून, कोरड्या हातानं, लाकडी चमच्यानं. दुपारी सगळे निजले आणि मी बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. थोडा खार बाटलीत काढून घ्यावा, हे शहाण्याला सुचलं असतं. मला वाटलं, एवढी मोठी बरणी, एवढा खार — फुगा केवढा होईल! मूठभर सोडा सरळ आत टाकला. फुगा बरणीच्या तोंडाला बसत नाही, हे सोडा पडल्यावर लक्षात आलं.

"काका, उतू चाल्लं!" थोरला ओरडला.

मी काय केलं असेल? झाकण दाबलं, वरून दादरा आवळून बांधला — विज्ञानाच्या मास्तरानं! — आणि पोरांना घेऊन मागच्या दारानं पळालो. परसातल्या विहिरीपर्यंत पोचलो नाही, तोच झाकण उडाल्याचा आवाज आला. फुगा धाकट्याला लाच म्हणून दिला. दोघांनी त्या फुग्याचं इमान आजपर्यंत राखलं.

परतलो तेव्हा भिंतीवर खाराचे ओघळ, आणि चुलीपाशी माझी बायको, कमल, मान खाली घालून उभी. तिचे बाजूला बसायचे दिवस आदल्याच दिवशी संपले होते.

"शिवली का वं बरणीले?" आई विचारत होती.

"नाई जी, आत्याबाई."

"मंग लोणचं काहून नासलं? कालच न्हाली ना तू? दिवस मोजायले चुकली असशील."

मी दारात होतो. एक शब्द पुरे होता — सोडा. फार अवघड शब्द आहे का? मी म्हणालो, "जाऊ दे ना वं माय, लहान हाय थे." आणि माझ्या मोठ्या मनाचं घरात कौतुक झालं.

संध्याकाळी कमल एकटीच बोटांवर दिवस मोजत बसली होती. "चुकलंच असंन माहं," म्हणाली. मी ऐकलं.

तेव्हापासून कमलच्या हाताला लोणचं सोसत नाही, हे आमच्या गोतावळ्यात पक्कं झालं. आई गेली, आम्ही वाशीमला आलो, तरी लोणचं वहिनी येऊन घालून देते. कमल लिंबं निवडते, प्रमाण सांगते, आणि मीठ घालायची वेळ आली की हात मागे बांधून लांब उभी राहते. जेवताना मी लोणच्याची तारीफ करतो. दर वेळी.

परवा आमच्या धाकट्या मुलीनं शाळेतला प्रयोग घरी करून दाखवला. पेल्यात लिंबाचा रस, वर चिमूटभर सोडा. फेस आला. पोळी लाटता लाटता कमल थांबली, पेल्यावर वाकून बघू लागली.

"त्या बरणीले असाच फेस आला होता," ती म्हणाली.

मी म्हणालो, "हो का?"

सोडा मी टाकला होता. कमलनं दिवस बरोबर मोजले होते.