साडूंचा सर्व्हर

लिनक्सवर माझ्या साडूंनी जेवढा जीव टाकला, तेवढा त्याच्या जन्मदात्यांनीही टाकला नसेल. अंधेरीच्या एका कंपनीतले सर्व्हर या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीवर सांभाळता सांभाळता ते मुलुंडचं घरही त्याच पद्धतीने चालवू लागले. विकतचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याकडे ते एकादशीला आम्लेट खाणाऱ्याकडे बघावं तसं बघतात. मला दर भेटीत ऐकवतात, "अरे, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, फुकट देतायत, आणि तू ते विकतचं चोरून वापरतोस?" मी चोरतो हे खरं असल्यामुळे ऐकून घेतो.

घरात कोण आहे हे पाहण्यासाठी हाक मारणं त्यांना रानटीपणाचं वाटतं. ते लॅपटॉप उघडून काळ्या पडद्यावर दोन शब्द लिहितात आणि त्या त्या माणसाचा मोबाईल वायफायवर उत्तर देतो का ते तपासतात. एकदा मी गेलो तेव्हा ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, मोबाईल चार्जिंगला लावून भाजी आणायला गेली होती. "आतच आहे ना, बघ, उत्तर देतेय," साडू म्हणाले. तेवढ्यात बेल वाजली. दारात दोन पिशव्या घेऊन ताई उभी! साडूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि विश्वास पडद्यावरच ठेवला. एका रविवारी तर आमच्याकडे बोरिवलीला श्रीखंड-पुरी खाता खाता त्यांनी लॅपटॉपवरून ऑफिसच्या सर्व्हरला असे कडक नियम लावले की बाहेरून कुणालाच आत शिरता येऊ नये. त्या बाहेरच्यांत ते स्वतःही होते. हातातली पुरी ताटात टाकून, तो उघडायला ते रिक्षाने अंधेरीला धावले. परत येऊन म्हणाले, "पण सुरक्षा झकास झालीय हां." श्रीखंड तोवर संपलं होतं.

ऑफिसच्या सगळ्या सर्व्हरांत त्यांचा लाडका एक जुना सर्व्हर होता. चार वर्षं त्यांनी तो एकदाही बंद होऊ दिला नव्हता. किती दिवस सलग चालू आहे, हा आकडा ते रोज सकाळी बघत. लग्नाचा वाढदिवस विसरत, हा आकडा नाही. मग गेल्या वर्षी कंपनीने सगळं काम भाड्याच्या दूरच्या यंत्रांवर हलवलं. सर्व्हर भंगारात निघाला आणि साडू घरी बसले. त्यांनी जाताना तो मागून घेतला, आणि चालू ठेवूनच मुलुंडला न्यायचं ठरवलं!

टेम्पोत मागे गादीवर सर्व्हर, माझ्या मांडीवर यूपीएसची बॅटरी, शेजारी साडू. "पाऊण तास चालेल. तोवर आपण घरी."

"साडूभाऊ, बंद करून नेला तर काय मरणार आहे का तो?"

"तो नाही रे मरणार," ते म्हणाले.

पवईला रस्त्यात कंटेनर बंद पडला होता आणि आमचा टेम्पो मागे अडकला. बॅटरी कोकलायला लागली. आयुष्यभर त्यांची टिंगल केलेला मी उडी मारून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरलो आणि प्लगसाठी अक्षरशः हातापाया पडलो. दुकानदाराने वायर दिली, पण ती फुटपाथपर्यंतच पुरली. धापा टाकत परत आलो, तर साडूंनी लॅपटॉप उघडला होता.

"राहू दे. मीच नीट बंद करतो. मला एका मेलवर काढलं यार. ह्याला तसं नाही करायचं."

त्यांनी शेवटचा आकडा वाचला, आज्ञा लिहिली आणि पंख्यांचा आवाज थांबला. फार वाईट वाटलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरापर्यंत काढला नाही.

परवा मुलुंडला गेलो होतो. सर्व्हर टीव्हीखाली घरघरत होता आणि साडू जुन्या बनियनने त्याच्यावरची धूळ पुसत होते.

"काय करतो हो हा आता?" मी विचारलं.

"काम काही नाही रे," ते पुसता पुसता म्हणाले, "पण बंद पडलेलो नाही. दोघंही."