नंदीचा दोर

बोलता बोलता मावशीचा हात कमरेला जायचा, तिथं खोचलेला सुताचा दोर चाचपायचा. मग ती म्हणायची, "दोर माह्यापाशी हाये, म्हंजे तो अजून आपलाच."

'तो' म्हणजे लाकडी नंदी. मावशी देवळी गावातली आमची शेजारीण, वांगी-मेथी पिकवणारी. तिच्या एकुलत्या एका पोरानं शाळेत असताना तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरं लाकडी बैल ओढतात त्या सणासाठी, तो कोरला होता. चाकांवरचा, मान वळवून मागं बघणारा. असला नंदी गावात दुसरा नव्हता. पोरगं मिसरूड फुटायच्या आत तापानं गेलं. नंदीकडे बघवेना, म्हणून सेवाग्राम बघायला आलेल्या मुंबईच्या एका चित्रकारानं मागितला तेव्हा तिनं देऊन टाकला. दोर तेवढा सोडून घेतला. आमच्याकडे बैल विकला तरी दोर देत नाहीत. नवा धनी आपला दोर आणतो.

पुढे कळलं, नंदी मुंबईला नव्या चित्रांच्या संग्रहालयात काचेत उभा आहे. झालं! मावशीला दुसरं काही सुचेना. तान्ह्या पोळ्याला तिथं जायचं, दोर बांधायचा, नंदी चार पावलं ओढायचा. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, एकच गोष्ट धरून बसणारी. मी चिडवायचो, तिथं काचेलाही हात लावू देत नाहीत म्हणून. ती म्हणायची, "त्याईले सांगजो, माय हाये मी."

दर पोळ्याला पिशवी भरायची. दोर, शिंगांचा बेगड, हळदकुंकू. "यंदा जाऊन राह्यली मी." आणि लकव्यानं खाटेवर पडलेला नवरा नुसता बघत राहायचा. त्याला पाणी पाजायला दुसरं होतं कोण? पिशवी रिकामी व्हायची. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

तो गेला तेव्हा मावशीही खंगली होती. मी म्हटलं, आता तरी चल. पण घरात मयत झालेल्या वर्षात सण कसा करणार? लेकराच्या नंदीला अशा हातानं दोर बांधायला ती तयार होईना. मग एकदम माझं मनगट धरून म्हणाली, "पुढच्या साली उचलून नेजो मले. पण नेजो."

पुढचा पोळा यायच्या आत ती गेली.

दोर घेऊन मीच मुंबई गाठली. नंदी तसाच होता, मागं बघणारा. गळ्यात लाल रेशमी दोर, नवा कोरा, कुणीतरी हौसेनं बांधलेला.

पहारेकरी विचारत होता, काय पाहिजे. सांगायला माय कुठं होती? पिशवी छातीशी धरून मी तिथंच रडलो, आणि दोर परत घेऊन आलो.