दोन फॉर्म सोळा, नोकरी एक

तीन वर्षांपूर्वी, आयकर रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, भाईंदर पूर्वेतल्या एका कर सल्लागाराने माझं उत्पन्न दीडपट केलं. झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की त्याचं चिंचोळं दुकान आठवतं. कंपनीने वर्षाच्या मध्यावर माझी अंधेरीहून ठाण्याला बदली केली होती आणि दोन्ही शाखांनी पगाराचा वेगवेगळा फॉर्म सोळा दिला होता. सल्लागाराने दोन्ही आकडे एकमेकांत मिळवले. “दोन-दोन नोकरी करतो आणि बोलत नाय, शेठ? टॅक्स भरायला लागेल!” शेजारी बसलेली बायको माझ्याकडे वळली. “अहो, मग दुसरा पगार कोणत्या घरी जातो?” “अगं, कंपनी एकच आहे.” “मग फॉर्म दोन कसे?” ती मोबाइल घेऊन बाहेर गेली. मी ऑफिसला फोन लावला. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, “ठाण्याच्या फॉर्ममध्ये अंधेरीचे सहा महिने धरलेत. तो एकच घ्या.” सल्लागाराने बेरीज खोडली, वर भरायचा कर शून्य निघाला आणि रिटर्न गेला. बाहेर येऊन मी बायकोला हे सांगितलं. तिने लगेच फोन लावला. “बाबा, परत फिरा. एकच नोकरी निघाली.” विरारहून निघालेले सासरे तोवर नायगावला पोहोचले होते.