काचेआडचं ऊन

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे जाईबाईंनी, उभ्या आयुष्यात कुणाकडे साधं पाणी मागितलं नाही. स्वतः उठून घेतलं. लालबागच्या दोन खोल्यांत त्यांनी सतरा वर्षं गिरणी कामगारांची खानावळ चालवली. अठ्ठावीस जेवणारे आणि तीन पाळ्या, म्हणजे दिवसभर एक पंगत उठतेय तोवर दुसरी बसतेय. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी होती, पण ती उघडायची अंधाऱ्या बोळात. भायखळ्याच्या बाजारातून भाजी आणताना काय अंगावर पडेल तेवढंच त्यांचं ऊन. दूध यायचं ते मुलांसाठी आणि जेवणाऱ्यांच्या चहासाठी. यांचा चहा कोरा.

गिरण्या बंद पडल्या, जेवणारे आपापल्या गावी गेले. बाई रडत बसल्या नाहीत, पोळीभाजीचे डबे करू लागल्या. सत्तरी उलटली तरी हातात लाटणं होतंच. मी ठाकूरद्वारच्या कारकुनी घरातली, कामाला जरा नाजूकच. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. पुढे कळलं, त्या स्वतः फक्त एका गोष्टीला भितात. देवापुढे हात जोडले की त्यांचं मागणं ठरलेलं, "हातपाय चलतत तवसरच माका न्हे रे म्हाराजा. माझा कोणाक करूचा लागाक नये."

चाळीच्या जागी टॉवर झाला आणि आम्हाला सोळाव्या मजल्यावर घर मिळालं. घराला गॅलरी होती, दक्षिणेची. अकरा वाजले की आई तिथे पाट टाकून तांदूळ निवडायला बसायच्या. पदर डोक्यावर, पाय उन्हात. तासभर तरी उठायच्या नाहीत.

मग आम्ही गॅलरी आत घेतली. मुंबईत हे कुणाला समजावून सांगायला नको. आमच्या मुलीची, अनुजाची दहावी, तिला अभ्यासाला जागा हवी, मजल्यावरच्या बाकी तिघांनी घेतलेली. माझा नवरा हितेंद्र म्हणाला, राहू दे की. पण हौसेला मोल नसतं आणि हौस माझी होती. सरकत्या काचा बसल्या. बाजूला दुसऱ्या टॉवरचं बांधकाम, त्याची धूळ, वर कबुतरं, म्हणून त्या काचा आम्ही कधी उघडल्याच नाहीत.

वर्षभरात आईंची कंबर आणि मांड्या दुखायला लागल्या. बसल्या जागेवरून उठताना भिंतीला हात लागायचा. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व फारच कमी होतं. आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची पावडर दिली, आठ आठवडे. मग पुन्हा तपासू, पुढचा डोस ठरवू, म्हणाले. हाडं ठिसूळ झाली असतील, जपा. "आणि ऊन घेतात का?"

"रोज घेतात," मी ताठ मानेने सांगितलं.

आणि घेतच होत्या की! मी स्वतः रोज काचेला लागून वेताची खुर्ची मांडत होते. सकाळी कोवळं ऊन आत आलं की हाक मारायची, "आई, चला." त्या यायच्या आणि बसायच्या. पावडरीच्या आठ पुड्या संपल्या. दुखणं थोडं कमी झालं. मी ठरवलं, पुरे ते औषध. देवाने फुकट दिलेलं ऊन असताना दुकानातलं कशाला? पुन्हा तपासायला मी त्यांना नेलंच नाही. अर्धं शिकलेल्यांचा शहाणपणा कसा असतो ते पाहायचं असेल तर माझ्याकडे यावं.

दोन वर्षं असं चाललं. गेल्या वर्षी, नवरात्र संपून चार दिवस झाले होते, आई खुर्चीतून उठल्या, वळल्या आणि खाली गेल्या. पाय घसरला नाही, कशाला अडखळल्या नाहीत. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरबाईंनी सगळं विचारून लिहून घेतलं. मी पुन्हा तेच ठामपणे सांगितलं, रोज उन्हात बसतात.

"कुठे बसतात?"

"खिडकीत. काचेपाशी."

"काच उघडी असते?"

"नाही. धूळ येते ना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज अजिबात चढवला नाही. "काचेतून ऊब येते हो. पण ड तयार करणारे किरण काच अडवते. आणि सकाळी सकाळी ते फारसे नसतातच." मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन झालं, पण आई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. छातीत कफ धरला, अंगातली शक्ती गेली. पहिल्यांदा मी त्यांचं सगळं बिछान्यात केलं, तेव्हा त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि मी हात धुऊन येईपर्यंत काढला नाही. अठ्ठावीस माणसांची उष्टी काढताना ज्या बाईला कधी लाज वाटली नाही, तिला माझ्यापुढे तोंड लपवावं लागलं.

तीन महिने मी मनात ठेवलं. एका दुपारी त्यांना पेज भरवताना राहवेना, सांगून टाकलं. "आई, त्या उन्हाचा काही उपयोग नव्हता. काचेतून मिळत नाही. औषधही मीच बंद केलं. चुकलं माझं." आणि चमचा धरून रडायलाच लागले.

 त्या म्हणाल्या, "रडा नको गो. माका थंय उकडतच होता. तू खुर्ची मांडत होतंस, म्हणान बसत होतंय."

दोन वर्षांत एकदाही मी त्यांना विचारलं नव्हतं, आई, तुम्हाला इथे बरं वाटतं का?

पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. शेजारणी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, फार केलंस हो सासूचं, सुटल्या बिचाऱ्या. मी मान हलवली. कुणाला करावं लागू नये एवढंच त्या मागत होत्या, आणि माझ्यामुळेच ते करावं लागलं.