ओट्यावरची दुभाषी

"आडनाव काय गं तुझं?"

फर्दापूरजवळच्या एका गावात सरपंचांच्या बायकोनं विचारलं तेव्हा माझा एक पाय उंबऱ्यावर होता. मी सांगितलं. "मग तू हितंच ओट्यावर बस. तुझा चहा भाईर आणते."

मी पाय मागं घेतला. सवयीनं. लहानपणापासून इतक्या उंबऱ्यांवरून घेतलाय, की आता राग पटकन येतच नाही. नुसता शीण येतो.

माझ्यासोबतची परदेशी मैत्रीण मात्र थेट आत गेली. तिला चुलीजवळ पाट मिळाला. तिची जात कुणी विचारली नाही, ती काय खाते तेही नाही. सोवळं आमच्यापुरतंच.

आम्ही दोघी नवख्या संशोधक. गरोदर बायांचं रक्त कमी का होतं, हे तिचं विद्यापीठ आणि संभाजीनगरची आमची संस्था मिळून शोधणार होती. बजाजनगरच्या माझ्या खोलीतून वर्षभर व्हिडिओ कॉलवर आम्ही एकेक प्रश्न घासूनपुसून तयार केला. आमचे सर याला समान भागीदारी म्हणायचे. सरपंचांनी होकार दिला की काम सुरू होणार होतं आणि माझी नोकरी पक्की.

तिला मराठी येत नव्हतं, सरपंचांना इंग्रजी. मी ओट्यावरून दाराकडे तोंड करून दोघांचं एकमेकांना ओरडून सांगत होते. घशाला कोरड पडली. शेजारी कान तुटलेल्या कपात चहा निवत होता.

तिनं विचारलं, सगळ्या वस्त्यांतल्या बाया एकाच ठिकाणी तपासणीला येतील ना?

सरपंच हसले. "आमच्या गावात भेदभाव नाय. समदे एका घरातल्यासारखे राहतो. सांग त्यांना."

सांग त्यांना. मी सांगितलं, शब्द न शब्द. मग इंग्रजीतच पुढं म्हणाले, "आणि हे मी बाहेरून सांगतेय, कारण माझ्या जातीला या घरात यायची मनाई आहे."

ती उठून दाराशी आली. चेहरा पडला होता तिचा. मला वाटलं, आता ही बाहेर येऊन बसेल. ती हळूच म्हणाली, आजच्या दिवस सांभाळून घेशील? होकार मिळाला की बोलू आपण.

तेव्हा मात्र राग आला. सरपंचांपेक्षा तिचा जास्त. मी "नाही" म्हणाले आणि पायऱ्या उतरले. चहा तसाच राहिला.

एसटीची वाट बघताना सरांचा फोन आला; बोलणी अर्धवट राहिल्याचं मैत्रिणीनं त्यांना कळवलं होतं. एवढ्याशासाठी वर्षभराचं काम पाण्यात घातलंस, म्हणाले. नोकरीचं काय ते मी विचारलं नाही. कळलं होतं.

त्यांना पुन्हा माझी गरज लागली तर मी जाईन. बाया आमच्याच आहेत, रक्तही त्यांचंच कमी आहे. पण बोलणी त्याच गावात, आमच्या लोकांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात होतील, एकाच सतरंजीवर, सरपंचांसकट. ओट्यावर बसून मी यापुढं कुणाचं खोटं कुठल्याच भाषेत सांगणार नाही.