आमच्या घरमालकांची मरणं

आमच्या घरमालकांइतक्या वेळा मेलेला माणूस या पृथ्वीतलावर दुसरा सापडणार नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. सुऱ्याने, गोळीने, विषाने, उंटावरून पडून, जिन्यावरून गडगडून, एकदा ज्वालामुखीत, आणि एकदा शार्कच्या पोटात. शार्कच्या वेळी पडद्यावर पाण्यावर तरंगणारी टोपी तेवढी दिसली. पण ती टोपीसुद्धा आपण स्वतः निवडली होती, असं ते मोठ्या अभिमानाने सांगत. अमेरिकेत बहुतेकांना एक धंदा असतो आणि एक छंद असतो. काकांना मरण हाच धंदा होता आणि तोच छंद होता.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही मेलेलंच. २००२ साल होतं. साताऱ्याहून पुण्याला आणि पुण्याहून कंपनीच्या प्रोजेक्टवर थेट लॉस एंजेलिसला येऊन मला तीनच दिवस झाले होते, आणि गॅरेजवरची खोली भाड्याने देणे आहे अशी जाहिरात वाचून मी पत्ता शोधत गेले होते. फाटक उघडलं तर हिरवळीवर एक म्हातारा गृहस्थ पाठीत सुरा घेऊन पालथा पडलेला. मी "अगं आई गं" म्हणून किंचाळले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका बाईंनी शांतपणे डोकं बाहेर काढलं. "बाजूने ये गो, पाय नको देऊ," त्या म्हणाल्या. "त्यांचं अजून व्हायचंय." घाबरावं की मराठी ऐकून रडावं, हे मला ठरवता येईना. "कुठली तू?" त्यांनी विचारलं. "साताऱ्याची," मी म्हटलं. तेव्हा ते प्रेत डोळे न उघडता म्हणालं, "कंदी पेढे आणलेस काय?"

हे दोघं अलिबागजवळच्या एका गावचे बेने इस्रायली. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागलेले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून गावाने ज्यांना 'शनवार तेली' म्हटलं ते ज्यू. काका तरुणपणी कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला अमेरिकेत आले. एका सिनेमाच्या चित्रीकरणात गर्दीत उभं राहिलं की दुपारचं जेवण मिळतं असं कोणीतरी सांगितलं, म्हणून ते जाऊन उभे राहिले. दिग्दर्शकाने गर्दीतून त्यांच्याकडे बोट दाखवून "हा मरू दे" असं म्हटलं, आणि कापडाचं शास्त्र तिथेच संपलं. त्यानंतर चाळीस वर्षं काकांनी इतके सिनेमे केले की त्यांची मोजदाद त्यांनाही नव्हती. पण त्यांच्या एकाही पात्राला नाव नव्हतं. शेवटी पडद्यावर पाट्या सरकू लागल्या की काका कुठेतरी तळाशी 'दुसरा दुकानदार', 'उंटवाला', 'संशयित इसम' असे भेटत.

दाढी आणि टोपी बदलून ते ग्रीक झाले, तुर्क झाले, मेक्सिकन झाले, अरब तर किती वेळा झाले. एकदा मात्र ज्यू आजोबांच्या भूमिकेसाठी त्यांना बोलावणं आलं. काका नवा सूट घालून गेले आणि तासाभरात परत आले. "ज्यू वाटत नाही म्हणाले," त्यांनी सांगितलं. त्याच आठवड्यात भारतीय दुकानदार पाहिजे म्हणून फोन आला. तिथे त्यांचं बोलणं पुरेसं भारतीय नाही म्हणून त्यांना घालवून दिलं, आणि ते काम एका ग्रीक माणसाला दिलं. "बघ," काका मला म्हणाले, "एवढ्या पिढ्या आम्ही दोन्ही होण्यात घालवल्या, त्या फुकट गेल्या." मग त्यांनी मजेत दोन केळी खाल्ली. त्यांना वाईट वाटलं असलं तरी ते केळ्यांच्या आत कुठेतरी गेलं असावं.

परकी भाषा बोलायची असली की काका बिनदिक्कत मराठी बोलत. वाळवंटातल्या टोळीचे सरदार असोत की डोंगरातले दरोडेखोर, कोणाला काय कळतंय? त्यांच्याकडे जुन्या व्हिडिओ कॅसेटांचं एक कपाट होतं आणि रविवारी दुपारी मला त्या बघणं भाग असे. एकीत काका घोड्यावर बसून तलवार उपसतात, खाली इंग्रजीत 'किल्ल्याला वेढा द्या' अशी अक्षरं येतात, आणि वर काका गरजतात, "अरे, नारळ खवून ठेवला काय?" त्यावर दोनशे घोडेस्वार आरोळी ठोकून निघतात. दुसऱ्या एका सिनेमात वधस्तंभाकडे जाताना ते आकाशाकडे बघून करुण आवाजात "आमच्या विहिरीचा रहाट दुरुस्त करायचा राहिला" असं म्हणतात. त्या आवाजाची एका समीक्षकाने फार तारीफ केली होती म्हणे.

पण खरी कला मरण्यात होती. त्याबाबत त्यांचा सिद्धांत असा की कॅमेरा आपल्यावर आहे तोवर माणसाने जीव सोडू नये. त्यामुळे ते मरायला फार वेळ लावत. गोळी लागली की आधी त्यांना आश्चर्य वाटे, मग ते गोळी मारणाऱ्याकडे ओळखीच्या माणसाने फसवल्यासारखं बघत, मग एक हात काहीतरी धरायला पुढे जाई, आणि जवळ टेबल असलं की त्यावरचा टेबलक्लॉथ कपबशांसकट खाली आलाच म्हणून समजा. घरी सराव चाले तेव्हा काकू टेबल आधी रिकामं करून ठेवत. शनिवारी काका शूटिंगला जात नसत. शब्बाथ, म्हणजे त्यांचा सुट्टीचा पवित्र दिवस. पण प्रेताची भूमिका असेल तर जात. "दिवसभर पडून राहायचं," ते म्हणत, "याच्याहून जास्त विश्रांती देवाला तरी कशी सांगता येईल?"

या सगळ्यात काकूंचं एक व्रत होतं. काकांचा नवा सिनेमा लागला की ठेवणीतली साडी नेसून त्या पहिल्या आठवड्यात जात, सोबत मला नेत. काका पडद्यावर आले की त्या बारीक डोळे करून बघत. "बरे दिसतात. खातायत वाटतं वेळेवर," असं पुटपुटत, आणि कोणी सुरा, पिस्तूल किंवा विषाचा पेला बाहेर काढला रे काढला की पर्स उचलून चालू लागत. सिनेमा संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसत. पहिल्यांदा मी त्यांच्यामागे धावत गेले. "काकू, खोटं असतं ना ते," मी म्हटलं. "खोटं असेल गो," त्या म्हणाल्या, "पण डोळ्यांना कुठे कळतं?"

काका यावर हसत. मीही हसत असे. एका शुक्रवारी संध्याकाळी काकू शब्बाथच्या मेणबत्त्या लावायला आत गेल्या होत्या आणि आम्ही दोघं अंगणात बसलो होतो, तेव्हा काका एकदम म्हणाले, "पोरी, मला बक्षीस मिळालं नाही त्याचं मला काही नाही. पण माझ्या बायकोने माझं एकही काम शेवटपर्यंत पाहिलेलं नाही. माझं चांगलं काम शेवटीच असतं ना." त्यांनी ताबडतोब खुर्चीवरून कोसळून दाखवलं आणि विषय बदलला, पण ते वाक्य काही माझ्या मनातून गेलं नाही.

म्हणून २००५च्या गणपतीत आमच्या महाराष्ट्र मंडळाने नाटक करायचं ठरवलं तेव्हा मीच काकांचं नाव सुचवलं. नाटक मंडळाच्या सेक्रेटरींनी स्वतः लिहिलेलं, दिग्दर्शनही त्यांचंच. पोटापाण्यासाठी ते डेटाबेस सांभाळत आणि नटांनाही तसंच सांभाळत. पहिला अंक सगळा अण्णा नावाच्या आजोबांचा. अंकाच्या शेवटी अण्णा मरतात, आणि दुसऱ्या अंकात भिंतीवरच्या त्यांच्या हार घातलेल्या फोटोसमोर दोन मुलगे घर विकण्यावरून भांडतात. काकांना पात्राला नाव आहे हे कळलं तेव्हा त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं. "अण्णा. अण्णा. नुसतं अण्णा, की दुसरा अण्णा?" त्यांनी विचारलं.

सूनबाईचं काम माझ्या गळ्यात पडलं. तालमी हायस्कूलच्या हॉलमध्ये होत. काकांचं पाठांतर चोख होतं, पण मरण साडेसहा मिनिटं चाले. "काका, प्लीज, थोडं क्विक मरा ना," सेक्रेटरी रडकुंडीला येत. "हॉल पाचपर्यंतच बुक केलाय." काका समजुतीने म्हणत, "घाईत मेलेला माणूस लक्षात राहत नाही हो." शेवटी तडजोड चार मिनिटांवर झाली. प्रयोग शनिवारी होता, पण मानधन नसल्यामुळे हे काम नाही असा निवाडा काकांनी आपणच दिला. गाडी मात्र चालवायची नाही म्हणून ती मी चालवली. वाटेत काकू मागे जांभळ्या साडीत बसल्या होत्या. काका पुढून म्हणाले, "आज बसशील ना शेवटपर्यंत?" काकू म्हणाल्या, "बघते." चाळीस वर्षं त्या हेच म्हणत असाव्यात.

पहिला अंक काकांनी असा काही केला की मागच्या रांगांत खेळणारी, एरवी इंग्रजीतच भांडणारी पोरंसुद्धा गप्प झाली. मी विंगेतून काकूंकडे बघत होते. त्या पहिल्या रांगेत होत्या, आणि हसत होत्या. मग ती वेळ आली. मी चहाचा ट्रे घेऊन रंगमंचावर गेले, टेबलावर ठेवला, अण्णा उठले, थबकले आणि त्यांचा हात छातीकडे गेला. पहिल्या रांगेत खुर्ची करकरली. काकूंनी पर्स उचलली होती.

काकांनी ते पाहिलं. त्यांचा दुसरा हात टेबलक्लॉथकडे निघालेला मधेच थांबला. मी एवढ्या जवळ उभी होते की मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, साडेसहा मिनिटांचं सगळं मरण तयार होतं, पोटातून वर आलं होतं. मग काकांनी छाती जराशी खाजवली. "काही नाही," ते म्हणाले, "पित्त झालंय. सूनबाई, चहात आलं घातलंस काय?" माझ्या वाक्यांत याला उत्तर नव्हतं. "घातलंय," मी म्हटलं. काका खाली बसले आणि चहा पिऊ लागले. काकूही खाली बसल्या. पडदा ओढणारा गृहस्थ अण्णा पडायची वाट बघत दोरी धरून उभा होता. अण्णांचा दुसरा कप झाला तरी तो उभाच होता.

मध्यंतरात सेक्रेटरींचा चेहरा पाहवत नव्हता. "काका, तुम्ही मेला नाहीत यार," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आज नाही जमणार," काका म्हणाले. दुसरा अंक बदलायला वेळ नव्हता, त्यामुळे तो तसाच सुरू झाला. भिंतीवर अण्णांचा फोटो, फोटोला हार, उदबत्ती, आणि बरोबर खाली आरामखुर्चीत अण्णा. थोरला मुलगा झालेला नागपूरचा इंजिनियर पाठ केल्याबाहेर एक अक्षर बोलू शकत नसे. "आज अण्णा असते तर," तो हुंदका देऊन म्हणाला. "आहे की मी," अण्णा म्हणाले. "अण्णांच्या आत्म्याला काय वाटत असेल?" तो डोळे मिटून पुढे रेटत होता. "आत्म्याला भूक लागलीय. कालचे वडे उरलेत काय?" लोक खुर्च्यांवरून घसरत होते. घर विकायचं की नाही हा पाऊण तासाचा वाद, मालकच जिवंत असल्यामुळे, सात मिनिटांत मिटला. मंडळाचा कार्यक्रम वेळेआधी संपण्याची ती पहिलीच वेळ.

पडदा पडला तेव्हा काकू उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आत येऊन त्या काकांना म्हणाल्या, "चांगलं करता की तुम्ही. मला माहीतच नव्हतं." काकांनी त्यांच्या हातातली पर्स स्वतःकडे घेतली. परत जाताना गाडीत ते म्हणाले, "पोरी, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर मरण आज वाया गेलं." एवढं बोलून ते घरापर्यंत हसत होते.

२००७मध्ये माझी नोकरी बदलली आणि मी टेक्ससला, अर्विंगला आले. पुढच्या वर्षी एका सकाळी काकूंचा फोन आला. काका गेले होते. आदल्या दिवशी दुपारच्या चहाला टेबलाशी बसले असताना गेले, कसलाही गाजावाजा न करता. "टेबलक्लॉथसुद्धा ओढला नाही गो," काकू म्हणाल्या. "कप नीट बशीत ठेवलान. एवढंसं मरण. त्यांना स्वतःला आवडलं नसतं." मग त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं आधीच. पण मी उठले नाही. बसले होते त्यांच्यासमोर, शेवटपर्यंत."

मध्यंतरी एका रविवारी टीव्हीवर जुना सिनेमा लागला होता. बाजाराचा देखावा, गालिचे, पिंजऱ्यातले पोपट, आणि एका दुकानाच्या पायरीवर चहाचा ग्लास घेऊन बसलेले काका, गोंड्याच्या तुर्की टोपीत, चाळिशीतले. ते गिऱ्हाइकाला ओरडून म्हणाले, "उन्हातून आलास, आधी पाणी पी." खाली इंग्रजीत काहीतरी भलतंच आलं. मागच्या पडद्याआडून एक हात बाहेर येत होता आणि त्या हातात सुरा होता. मला काकूंइतका धीर नाही. मी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. काकांच्या ग्लासात अजून अर्धा चहा होता.